नाव नसलेला शंख

मी एक शंख बोलतोय. देवघरात बसणारा, फुंकला की घुमणारा शंख नव्हे. मला फुंकून काही उपयोग नाही. माझं तोंड म्हणजे एका बाजूनं वरपासून खालपर्यंत गेलेली अरुंद फट. आकार आईस्क्रीमच्या कोनासारखा, लांबी तुमच्या मधल्या बोटाएवढी. रुंद बाजू जवळजवळ सपाट, तिच्यावर गोल फिरत गेलेले वेढे, आणि दुसरीकडे निमुळतं टोक. कडेचा एक टवका उडालेला आहे. तो कसा उडाला तेही सांगणार आहे.

मी मुळात घर. माझ्या आत ती राहायची. गोगलगायच, पण समुद्रातली. लोक आम्हा दोघांना एकच समजतात, तसं नाही. ती मऊ आणि मी कठीण. तिच्या अंगावरच्या पातळ पडद्यातून चुना झरायचा, तो थरावर थर बसत गेला आणि मी झालो. ती वाढली तसा मी कडेनं वाढलो. बाहेरून ती मला जाड करत होती आणि आतून झिजवत होती. जुन्या आतल्या भिंती विरघळवून तिनं कागदासारख्या पातळ केल्या, अंगाला जागा व्हावी म्हणून. वरून मी किल्ला आणि आतून पत्रावळ, असं माझं बांधकाम.

आमचं ठिकाण सिंधुदुर्गच्या किनाऱ्यापासून बरंच आत, खोल पाण्यात. खडकांच्या दोन रांगा आणि मधे बारीक वाळूचा पट्टा. उन्हाचा तिथं नुसता निळसर अंधार व्हायचा. आमच्या जातीच्या माद्या खडकाखाली अंड्यांच्या पिशव्या चिकटवत. पुष्कळशा शंखांची पिल्लं प्रवाहाबरोबर तरंगत लांब जातात, आमची पिल्लं जात नाहीत. पिशवीतून निघालं की पिल्लू तिथंच वाळूवर सरपटायला लागतं. त्यामुळे जगात आम्ही असू तर त्या एका पट्ट्यावरच, असं पुढे शंखांवर संशोधन करणाऱ्या शर्मिला मॅडम म्हणाल्या.

ती शिकारी होती. दिवसभर वाळूत पुरून घेऊन पडायची, फक्त एक नळी वर ठेवायची आणि तिनं पाणी हुंगायची. जवळ मासा विसावला की तिची सोंड हळूच पुढे सरकायची. सोंडेच्या टोकाशी एक दात. दात म्हणजे पोकळ भालाच, टोकाला आकडे असलेला. मागे गुंडाळून ठेवलेली विषाची लांब नळी. एक दात एकदाच वापरायचा, पुढचा पिशवीत तयार असायचा. टोचलेला मासा जागच्या जागी ताठ व्हायचा. हे तिचं क्रौर्य नव्हतं. ती फार हळू चालायची. विष नसतं तर उपाशी मेली असती.

एके दिवशी तळ हलला. ट्रॉलरचं जाळं वाळू खरवडत आलं आणि खडकाच्या कपच्या, खेकडे, मासे यांच्याबरोबर आम्हालाही घेऊन वर गेलं. शर्मिला मॅडम किनाऱ्यावर नेहमी यायच्या, जाळ्यात अनोळखी शंख आला तर ठेवा म्हणून बोटी चालवणाऱ्या तांडेलांना सांगून जायच्या. म्हणून आम्ही पुन्हा पाण्यात फेकले न जाता समुद्राचं पाणी भरलेल्या एका कॅनमध्ये पडलो. तो कॅन न्यायला शेफाली आली.

शेफाली पुण्याजवळच्या वाघोलीची. तिच्या वडिलांची, दत्तोबांची, तिथं शेती होती. आता भोवताली उंच इमारती उठल्या आणि मधल्या उरलेल्या तुकड्यात तिची आई मैनाबाई मेथी-कोथिंबीर लावायच्या. त्या घरातली ही मुलगी पुण्यात शर्मिला मॅडमच्या हाताखाली पीएचडी करत होती. एसटीत तिनं कॅन मांडीवरून खाली ठेवला नाही. फोंडा घाटात गाडी वळणं घ्यायला लागली तशी ती झाकणावर हात ठेवून म्हणाली, "घट्ट धरून बस हं. मलाही मळमळतंय."

पुण्यातल्या संस्थेत आम्हाला काचेची टाकी मिळाली. खाली वाळू, पाण्यात हवा सोडणारा पंप, पाणी गार ठेवणारं यंत्र. इमारतीची देखभाल बघणारे महिपती टाकीपाशी येऊन उभे राहिले.

"मॅडम, समुद्र कोकणात असतो," ते म्हणाले. "पुण्यात ठेवायचा तर त्याला चोवीस तास वीज लागणार. आणि आपल्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद असते."

"इन्व्हर्टर आहे ना?" मॅडमनी विचारलं.

"आहे. वयस्कर आहे."

शर्मिला मॅडम सदाशिव पेठेत एकट्या राहायच्या. बोलणं तुटक, पण टाकीपाशी आल्या की आवाज खाली यायचा. त्यांनी पुस्तकं पाहिली, परदेशातल्या जाणकारांना फोटो पाठवले. तिच्यासारखी आधी कुणी पाहिलेली नव्हती. नावच नव्हतं. मॅडमना हवं होतं तिचं विष. अशा विषात शेकडो निरनिराळी द्रव्यं असतात, आणि त्यांतलं एखादं वेदना थांबवतं. मॉर्फिनचाही उपयोग होईनासा झालेल्या माणसाची वेदना. शेफाली चिमट्यात छोटा मासा धरून रबरानं तोंड बांधलेल्या बाटलीपुढे हलवायची. सोंड यायची, दात रबरात घुसायचा, आणि बाटलीत विषाचा एक थेंब उतरायचा. मग ठरल्याप्रमाणे मासा खायला मिळायचा.

"आई, तिनं आज खाल्लं!" शेफाली फोनवर सांगायची.

पलीकडून मैनाबाईंचा आवाज मलाही ऐकू यायचा. "ती खाईना का. तू खाल्लंस का कायतरी?"

हाताळायचा नियम एकच होता. लांब चिमटा. हात लावायचा नाही, हातमोजा घालूनही नाही, कारण दात हातमोज्यातून जातो. या विषावर उतारा नाही. मॅडमनी तो नियम शेफालीकडून इतक्यांदा म्हणवून घेतला होता की ती हसायची.

एप्रिलमधल्या एका गुरुवारी वीज गेली. इन्व्हर्टरनं थोडा वेळ पंप चालवला आणि तोही थांबला. दुपार पेटलेली होती. टाकीतलं पाणी कोमट होत गेलं तशी ती सैल पडायला लागली. तिचा पाय माझ्या फटीतून लोंबू लागला. शेफालीनं मॅडमना फोन लावला. त्या घरी जेवायला गेल्या होत्या.

"मॅडम, ती काहीच हालचाल करत नाहीये. पाणी खूप तापलंय."

मॅडम म्हणाल्या, "बर्फ आण. थर्माकोलच्या खोक्यात गार पाणी कर आणि त्यात हलव. मी निघालेच. शेफाली, काहीही कर, पण तिला वाचव."

शेफालीनं खोक्यात समुद्राचं पाणी ओतलं, बर्फाच्या पिशव्या लावल्या. मग लांब चिमट्यानं मला पकडायला गेली. मी पंपाच्या नळीमागच्या कोपऱ्यात अडकलो होतो. चिमटा निसटला. पुन्हा धरलं, पुन्हा निसटला आणि माझ्या कडेवर खट्‌कन आपटला. शेफाली थांबली. "फुटेल गं," ती स्वतःशीच म्हणाली, आणि चिमटा बाजूला ठेवून तिनं पाण्यात हात घातला. रुंद बाजूनं धरलं तर सोंड पोचत नाही असं पुष्कळांना वाटतं. पोचते.

माझ्या आतली ती घाबरलेली होती, मरायला टेकलेली होती, आणि तिला अंगाजवळ काहीतरी उबदार हलताना कळलं. मासा कोणता आणि वाचवणारा हात कोणता, हे ओळखायची सोय तिच्या अंगात नव्हती. दात बोटात घुसला.

शेफालीनं हात झटकला नाही. मला सोडलंही नाही. गार पाण्याच्या खोक्यात अलगद ठेवलं आणि मग आपलं बोट बघितलं. रक्ताचा टिपूसही नव्हता. तिनं फोन उचलला. "मॅडम, मला लागलं," ती म्हणाली. "नाही, फार दुखत नाहीये. पण ओठ बधिर झालेत."

शर्मिला मॅडम आल्या तेव्हा शेफाली जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती. पापण्या जड झालेल्या, जीभ वळत नव्हती. तिनं खोक्याकडे बोट करायचा प्रयत्न केला, ते उचललं गेलं नाही.

"ती आहे, जिवंत आहे," मॅडम म्हणाल्या. "तू माझ्याकडे बघ. शेफाली, माझ्याकडे बघ!"

मग शेफालीचा श्वास थांबला. मॅडमनी तिला आडवं केलं आणि आपल्या तोंडानं तिच्यात श्वास भरायला सुरुवात केली. त्यांना ठाऊक होतं, हे विष शरीर फक्त लुळं करतं; बाहेरून श्वास चालू ठेवला तर माणूस वाचू शकतो. आत सगळं कळत असतं हेही त्यांना ठाऊक होतं. म्हणून दोन श्वासांच्या मधे त्या तिच्याशी बोलत होत्या. "ऐकतेस ना? मी आहे. मी थांबणार नाही." महिपती खाली रस्त्यात उभे राहून रुग्णवाहिकेसाठी गाड्या बाजूला करायला ओरडत होते. गाड्या बाजूला घ्यायलाही जागा नव्हती. वीज नसल्यानं चौकातले सिग्नल बंद होते आणि संस्थेभोवतीची अख्खी पेठ तुंबली होती. एका क्षणी मॅडमना भोवळ आली आणि त्या कोसळल्या. उठून पुन्हा सुरुवात केली. मधे किती वेळ गेला, हे त्यांनी पुढे स्वतःलाच फार विचारलं.

शेफालीला दवाखान्यात यंत्रावर ठेवलं. विष उतरलं, पण ती उठली नाही. काही दिवसांनी यंत्र काढलं.

इकडे खोक्यातला बर्फ वितळला. पाणी गार होतं ते कोमट झालं, मग नासलं. तिचा कुणी जीव घेतला नाही. तिला सगळे विसरले, इतकंच. ती माझ्या आत हळूहळू मेली आणि मी नुसता घर उरलो.

दहनानंतर मॅडम एकट्या प्रयोगशाळेत आल्या. वास आला तेव्हा त्यांना आठवण झाली. त्यांनी आकड्यानं तिचं अंग माझ्यातून ओढून काढलं, विषाची नळी स्पिरिटमध्ये ठेवली आणि मला धुतलं. माझ्यावर एक राठ तपकिरी साल होती. जिवंतपणी ती आमच्या अंगावर असतेच. एका बाजूनं त्यांनी ती सोलली. खाली फिकट गुलाबी रंग निघाला आणि त्यावर बदामी रेघांचं बारीक जाळं. मॅडम ते बघत राहिल्या. शेफालीनं मला रोज पाहिलं, पण तपकिरीच पाहिलं होतं.

"तू हे बघायला हवं होतंस गं," त्या म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी प्रयोगशाळेला कुलूप लावलं आणि बरेच महिने तिथं पाऊल टाकलं नाही.

पुढे त्यांच्या मनात एक विचार आला. तिच्या जातीला नाव द्यायचं बाकी होतं. अशा वेळी ज्या शंखावरून नाव ठरतं तो कायमचा जपून ठेवतात, आणि तो शंख मी होतो. नाव शेफालीचं द्यायचं. शास्त्रात यापेक्षा मोठा मान नाही, असं मॅडमना वाटत होतं. पण आईवडिलांना विचारल्याशिवाय नको, म्हणून मला डबीत घालून त्या वाघोलीला गेल्या.

मैनाबाईंनी पाणी दिलं. दत्तोबा दारातल्या खुर्चीवर बसून होते, आत आले नाहीत. मॅडमनी डबी उघडली.

"ह्येच का ते?" मैनाबाईंनी विचारलं.

"हो. हा तिचा शंख. आत आता कुणी नाही."

मॅडमनी नावाचं सांगितलं. मैनाबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"माझ्या पोरीचं नाव ह्येला?" त्या म्हणाल्या. "ज्यानं तिला नेलं त्येला? मॅडम, तुमी शिकल्याल्या हायसा. एखाद्याच्या पोराला नाग चावला तर त्या नागाला पोराचं नाव देत्यात का कुणी?"

मॅडमनी डबी खाली ठेवली. त्या म्हणाल्या, "मैनाताई, अजून एक सांगायचंय. त्या दिवशी फोनवर मीच तिला म्हणाले होते. काहीही कर, पण तिला वाचव, असं. म्हणून तिनं हात घातला."

दारातली खुर्ची करकरली. दत्तोबा उठून बाहेर चालते झाले.

मैनाबाई हलल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "तुमी तिला तोंडानं श्वास दिला म्हणत्यात."

"दिला. पुरला नाही."

"मंजी शेवटचा तिचा श्वास तुमच्याच तोंडात गेला असंल," मैनाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी हात पुढे करून मॅडमच्या ओठांना बोटं लावली. मॅडम रडल्या. मैनाबाईंच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

मग त्यांनी मला उचललं. "हिच्यासारख्या अजून असतील न्हवं तिथं?"

"माहीत नाही. त्यांची पिल्लं जन्मल्या जागेवरून लांब जात नाहीत. आणि त्या जागेवरनं सतत जाळी ओढतात."

"मग बघून या की."

"मी काम सोडलंय, ताई."

"माझी पोर ज्याच्यापायी गेली ते तुमी सोडलंय?" मैनाबाईंचा आवाज पहिल्यांदा चढला. "जा. बघून या. तवर ह्यो हितं ऱ्हाऊ द्या."

असा मी वाघोलीत राहिलो. मैनाबाईंनी मला फळीवर डब्यांच्या मागे ठेवलं, येता-जाता नजर पडू नये अशा जागी. पण एका सकाळी त्या रानात असताना दत्तोबांनी मला शोधून काढलं. अंगणात नेऊन फरशीवर ठेवलं आणि दगड हातात घेतला. या माणसाला मी कधी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं. दगड खाली आला, जरा तिरका लागला आणि माझ्या कडेचा टवका उडाला. दत्तोबांनी वाकून त्या फुटक्या जागेतून आत बघितलं. आतल्या भिंती तिनं पातळ केल्या होत्या, त्यांच्यातून ऊन आरपार दिसत होतं.

"आत कायबी न्हाई," ते म्हणाले. त्यांनी दगड ठेवला आणि तिथंच अंगणात बसून राहिले. मैनाबाई परत आल्या, त्यांनी टवका पाहिला, नवऱ्याकडे पाहिलं आणि मला पदरात पुसून पुन्हा फळीवर ठेवलं.

पावसाळ्याआधी जेवढं शक्य होतं तेवढं शर्मिला मॅडमनी शोधून घेतलं. पाणबुडे पाण्यात उतरवले, कॅमेरे सोडले, तांडेलांना घेऊन आमचा पट्टा नेमका गाठला. परत आल्या त्या थेट वाघोलीला. मैनाबाई मेथीच्या जुड्या बांधत होत्या, मंडईला पाठवायच्या म्हणून. मॅडमनी रुमाल उघडला. त्यात बदामी रेघांचे चार तुकडे होते.

"एवढंच मिळालं," त्या म्हणाल्या. "वाळूत नांगरल्यासारखे चर पडलेत. ज्या खडकांखाली त्या अंडी लावायच्या ते सगळे उलटेपालटे होऊन पडलेत. पिशव्या नाहीत, पिल्लं नाहीत. एखादी कुठं असेलही. मला नाही दिसली."

मैनाबाईंनी तुकडे तळहातावर घेतले. त्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. त्यांनी विचारलं, "नांगरल्यासारखं मंजी? खालचं वर?"

"हो. अगदी तसं."

मेथीच्या पलीकडे इमारतीसाठी खोदकाम चाललं होतं. त्या तिकडे बघत राहिल्या. दत्तोबा जुडी बांधता बांधता थांबले होते. मग मैनाबाई उठल्या, फळीवरून मला आणलं आणि मॅडमच्या हातात दिलं. मॅडमना टवका दिसला. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं.

"द्या," मैनाबाई म्हणाल्या.

"काय देऊ?"

"नाव. शेफालीचंच द्या." त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. दत्तोबांनी मान हलवली नाही, पण ते नाहीही म्हणाले नाहीत. "त्या दिशी मला वाटलं, हिनं माझी पोर खाल्ली आणि ही तिकडं सुखात असंल, पोराबाळांत. हिचं तर कुणीच न्हाई राह्यलं. कुणीतरी नाव घ्याया पायजे, दोघींचंबी."

म्हणून आता मी या कपाटात आहे. मॅडमनी प्रयोगशाळेचं कुलूप काढलंय. स्पिरिटमधल्या त्या विषाच्या नळीत वेदना थांबवणारं काही होतं का, हे कळायला ती पुरेशी नाही. नवी मिळणार कुठून? मला बघायला कधीतरी विद्यार्थी येतात, रेघांचं कौतुक करतात, टवक्याबद्दल हळहळतात. तुम्ही समुद्रावर गेलात आणि वाळूत सरपटणारा शंख दिसला, तर त्याला उचलू नका. त्याच्यासाठी नको, तर तुमच्यासाठी. आणि ताटात मासा वाढून घेताना एकदा विचारा, तो कुठून आणि कसा ओढून काढला.

माझ्या डबीवर आता नाव आहे. मॅडम ते रोज सकाळी एकदा मोठ्यानं वाचतात आणि मग कामाला लागतात. त्या नावाला ओ देणारं मात्र कुणी नाही, वाघोलीत नाही आणि त्या वाळूवरही नाही.